संगणक-पदवीधरांची बेकारी : एक हिशोब

व्याख्यानमालेच्या चालकांनी ह्या वर्षी आम्हांला विषय दिला तो संगणकशास्त्र आणि तांत्रिक शाखांतील पदवीधरांच्या बेकारीचा. आम्ही स्वतः महाविद्यालयाची पायरी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते कारखान्याच्या दारापुढे, कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा पदवीधरांच्या प्रश्नावर बिनपदवीच्या माणसाने काय बोलावे, असे कोणी म्हणेल. त्याला आमचे उत्तर साधे आहे. संघटनेच्या कचेरीत येणाऱ्या पुष्कळांच्या पिशवीत आता अभियांत्रिकीच्या गुणपत्रिका असतात. कोणी कंत्राटदाराकडे रोजावर असतो, कोणी ‘प्रशिक्षणार्थी’ ह्या नावाखाली वर्षानुवर्षे तेच काम करीत असतो, तर कोणाजवळ मोठ्या कंपनीचे पत्र असते पण रुजू होण्याची तारीख नसते. हा प्रश्न आमच्या दारी चालत आला, म्हणून तो आम्हांला समजून घ्यावा लागला. जे समजले ते येथे मांडतो.

प्रश्न केवढा आहे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था ह्यांनी २०२४ साली भारतातील रोजगारावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात २०२२ सालचे आकडे आहेत. तरुणांपैकी ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांच्यात बेकारीचे प्रमाण शेकडा ३.४ होते आणि पदवीधर तरुणांत ते शेकडा २९.१ होते. म्हणजे पदवीधरांतील बेकारी निरक्षरांतील बेकारीच्या आठ-नऊ पट. देशातील एकूण बेकारांत शिकलेल्या तरुणांचा वाटा २००० साली शेकडा ५४.२ होता, २०२२ साली तो ६५.७ वर गेला.

ह्या आकड्यांवरून ‘शिकण्यात अर्थ नाही’ असा निष्कर्ष काढण्याची पुष्कळांना घाई असते. तो निष्कर्ष चुकीचा आहे. निरक्षर मजूर बेकार नसतो, कारण बेकार राहणे त्याला परवडत नाही. सकाळी नाक्यावर उभा राहून मिळेल ते आणि मिळेल त्या दराने तो काम उचलतो. पदवीधर थांबतो, कारण त्याच्या शिक्षणात घराने पैसा ओतलेला असतो आणि त्या पैशाला साजेसे काम मिळावे अशी घराची अपेक्षा असते. तेव्हा पदवीधरांची बेकारी ही बव्हंशी वाट पाहण्याची बेकारी आहे. ही वाट किती दिवस पाहावी लागते, आणि त्या दिवसांचा खर्च कोण सोसतो, हा आमच्या मते ह्या विषयाचा गाभा आहे.

दुखणे जुनेच आहे

अभियंता बेकार होण्याची ही पहिली वेळ नव्हे. स्वातंत्र्यानंतर योजनांचा काळ सुरू झाला. १९५१ साली खरगपूरला आणि १९५८ साली पवईला तंत्रशिक्षणाच्या मोठ्या संस्था निघाल्या. धरणे, पोलादाचे कारखाने, वीजकेंद्रे ह्यांसाठी अभियंते हवे होते म्हणून राज्याराज्यांत महाविद्यालये वाढली. पुढे १९६५ आणि १९६६ साली लागोपाठ दोन दुष्काळ पडले, सरकारच्या हाती पैसा उरला नाही, आणि १९६६ ते १९६९ ही तीन वर्षे पंचवार्षिक योजनाच बाजूला ठेवावी लागली. सरकारी मागणी थांबली, तसे यंत्रांचे कारखाने मंदावले आणि हजारो अभियंते घरी बसले. अखेर १९६८ साली अभियांत्रिकीच्या प्रवेशांत कपात करण्याची पाळी आली.

ह्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. १९६४ साली बाहेर पडलेल्या अभियंत्याला काम मिळाले आणि १९६७ साली बाहेर पडलेल्याला मिळाले नाही, ह्याचे कारण मधल्या तीन वर्षांत मुले मठ्ठ झाली हे नव्हते. कामाच्या मागण्या थांबल्या हे होते.

त्याच सुमारास, १९६९ साली, ब्लॉग, लेयर्ड आणि वुडहॉल ह्या तीन अर्थशास्त्रज्ञांनी भारतातील पदवीधरांच्या बेकारीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांचे एक म्हणणे आजही लक्षात ठेवण्याजोगे आहे. बेकारीत गेलेला काळ हिशोबात धरूनही पदवी घेणे एकेका घराला फायद्याचेच वाटते. म्हणून रांग लांबली तरी रांगेत उभे राहणारे कमी होत नाहीत. घराच्या दृष्टीने हा शहाणपणाचा निर्णय असतो. लाखो घरांनी तोच शहाणपणा एकदम केला म्हणजे काय होते, ते पुढे पाहू.

कांद्याचा भाव आणि अभियंत्याचा भाव

महाराष्ट्रात १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. तोपर्यंत पुण्याचे १८५४ सालचे अभियांत्रिकी महाविद्यालय किंवा मुंबईची १८८७ सालची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था ही नावे सामान्य घराला दूरची होती. आता तालुक्याच्या गावी महाविद्यालय निघाले. ह्याचा लाभ झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याची, गिरणी कामगाराची, शिपायाची मुले अभियंते झाली. १९९१ नंतर सॉफ्टवेअरच्या निर्यातीला सरकारने उत्तेजन दिले. २००० सालाच्या आरंभी जगभरच्या संगणकांतील तारखा बिघडतील ह्या भीतीने पश्चिमेकडून भरपूर काम आले. आणि हिंजवडीच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. एका पिढीचे दैन्य त्यातून फिटले.

परंतु हा सारा व्यवहार चालतो तो लासलगावच्या कांद्यासारखा. यंदा कांद्याला भाव मिळाला की पुढच्या हंगामी सगळेच कांदा लावतात, आणि माल बाजारात येतो तेव्हा भाव पडलेला असतो. फरक इतकाच की कांदा चार महिन्यांत निघतो आणि अभियंता चार वर्षांत.

आकडेच पाहा. सॉफ्टवेअर उद्योगाच्या नॅसकॉम ह्या संस्थेच्या हिशोबाप्रमाणे २०२१-२२ साली ह्या उद्योगातील नोकरांच्या संख्येत सुमारे साडेचार लाखांची निव्वळ भर पडली. करोनाच्या साथीने सारे जग घरून काम करू लागले होते आणि काम उतू जात होते. त्या वर्षी बारावी झालेल्या मुलांच्या आईबापांनी हे पाहिले आणि मुलांना संगणक शाखेत घातले. २०२२-२३ साली ही भर तीन लाखांच्या आत आली आणि २०२३-२४ साली अवघी ६० हजार. सोडून गेलेल्यांच्या जागी घेतलेले ह्यात धरलेले नाहीत. तरी दोन वर्षांत साडेचार लाखांवरून साठ हजारांवर येणे म्हणजे भाव कोसळणेच होय. २०२१ साली आत गेलेली मुले २०२५ साली बाहेर पडली ती ह्या बाजारात.

आणि लागवड मात्र वाढतच राहिली. २०२४-२५ साली देशात पदवी अभियांत्रिकीच्या सुमारे १५ लाख जागा होत्या. त्याच वर्षापासून अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने चांगल्या ठरलेल्या महाविद्यालयांना एका शाखेतील जागांवर असलेली मर्यादा उठवली. जागा वाढल्या त्या मुख्यतः संगणकाच्या. स्थापत्य आणि यंत्र ह्या शाखा ओस पडू लागल्या. एकाच पिकाची लागवड वाढली की धोकाही एकवटतो, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

मंदी दाराबाहेर कशी थांबते

आता ह्या उद्योगाची रीत समजून घेतली पाहिजे. आपल्याकडील सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी बहुतेक मोठ्या कंपन्या स्वतःचा माल विकत नाहीत. त्या माणसांचे तास विकतात. परदेशी गिऱ्हाइकाला अमुक इतकी माणसे अमुक इतके महिने, असा करार होतो. ह्या माणसांची उतरंड असते. वर थोडे अनुभवी आणि महागडे, खाली पुष्कळ नवे आणि स्वस्त. नफा खालच्या रुंद पायातून निघतो. हातात काम नसलेली पण पगारावर असलेली माणसे ‘बेंच’वर बसतात, जुन्या गिरणीत बदली कामगार दारात उभा असे, त्याचाच हा पगारी प्रकार म्हणा.

गिऱ्हाईक काम कमी करते तेव्हा काय होते? कारखान्यात मंदी आली की आतला कामगार बाहेर येतो. आरडाओरड होते, मोर्चा निघतो, वर्तमानपत्रात बातमी येते. सॉफ्टवेअर कंपनी आधी बेंच कमी करते आणि नवी भरती थांबवते. म्हणजे मंदीचा पहिला फटका ज्याचे नाव अजून हजेरीपटावर चढलेले नाही त्याला बसतो. तो कोणाचा कामगार नाही, म्हणून कोणी त्याची मोजदाद ठेवत नाही. २०२२ साली महाविद्यालयात येऊन निवडलेल्या कित्येक मुलांना मोठ्या कंपन्यांनी पत्रे दिली आणि दोन-दोन वर्षे रुजू करून घेतले नाही. ही मुले बेकार होती, पण कोणी कामावरून काढलेली नव्हती. अशा माणसाचा मोर्चा कोणत्या दारावर न्यावयाचा?

मंदी लांबली म्हणजे आतल्यांवरही पाळी येते. देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने जुलै २०२५ मध्ये आपल्या सुमारे शेकडा २, म्हणजे १२ हजारांहून अधिक, नोकरांना कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मधल्या आणि वरच्या पायऱ्यांवरचे लोक अधिक असतील असे सांगितले गेले. ही अनुभवी माणसे बाजारात आली की नव्याची रांग आणखी मागे सरकते.

त्यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. नवा मुलगा पहिली दोन वर्षे जे करीत असे, म्हणजे ठरीव साच्याचे प्रोग्रॅम लिहिणे, ते तपासणे, जुन्या प्रोग्रॅममधील चुका शोधणे, त्यातले पुष्कळसे काम आता यंत्र क्षणात करून देते. अनुभवी माणसाचे काम त्याने सोपे होते. पण अनुभवी माणूस तयार होतो तो ह्याच खालच्या कामातून. शिडीच्या खालच्या दोन पायऱ्या काढून घ्यावयाच्या आणि वर माणसे का येत नाहीत म्हणून विचारावयाचे, असा हा प्रकार आहे.

‘मुले लायक नाहीत’

ह्यावर उद्योगाचे ठरलेले उत्तर असते : मुले नोकरीच्या लायकीची नाहीत. ह्यात तथ्य मुळीच नाही असे आम्ही म्हणत नाही. कित्येक महाविद्यालयांत पुरेसे शिक्षक नाहीत. आहेत त्यांना तासिकेवर राबवले जाते. प्रात्यक्षिकाच्या वह्या एकमेकांच्या पाहून भरल्या जातात. पाया कच्चा राहिला की मुलगा मुलाखतीत अडखळतो. हा दोष दुरुस्त झालाच पाहिजे.

परंतु ह्याच महाविद्यालयांतील ह्याच मुलांना २०२१-२२ साली लाखांनी घेतले गेले. तेव्हा ती लायक होती. कंपन्या त्यांना चार-सहा महिने पगार देऊन शिकवीत आणि कामाला लावीत. काम कमी झाले तसे शिकवण्याचे मन राहिले नाही. तयार माणूस हवा झाला. तयार होण्याचा खर्च कोणी करावयाचा? मुलाने. म्हणून पदवीनंतर पुन्हा क्लास आणि प्रमाणपत्रांचे कोर्स. कोणी ‘हमखास नोकरी’ म्हणून दलालाला पैसे मोजतो आणि फसतो. लायकी हा शब्द मुलाच्या डोक्याबद्दल वापरला जातो. त्याचा खरा अर्थ पुष्कळदा एवढाच की, शिकवण्याचा खर्च आता आम्ही करणार नाही.

एक साधा हिशोब मांडू. समजा, एका घराने मुलीच्या शिक्षणासाठी बँकेकडून ६ लाखांचे कर्ज काढले. व्याज दसादशे १० धरले तर वर्षाला ६० हजार, महिन्याला ५ हजार. कर्जाचा हप्ता साधारणतः शिक्षण संपल्यावर एक वर्षाने सुरू होतो. व्याज मात्र तोवर साचतच असते. नव्या मुलीचा पगार ह्या मोठ्या कंपन्यांत वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास. दहा-बारा वर्षांपूर्वीही तो जवळजवळ एवढाच होता. मधल्या काळात भाडे, खानावळ आणि फी किती वाढली ते आपण जाणताच. आता ही मुलगी नेमणूकपत्र हातात घेऊन एक वर्ष थांबली. बुडालेला पगार साडेतीन लाख, व्याज ६० हजार, क्लासची फी वेगळी. चार लाखांहून अधिक रक्कम झाली. ती महाविद्यालयाने दिली नाही, कंपनीने दिली नाही, बँकेने सोडली नाही. तिच्या घराने दिली. मंदीचा बोजा देशातील एका मोठ्या उद्योगाच्या खांद्यावरून उचलून एखाद्या शिवणकाम करणाऱ्या आईच्या खांद्यावर ठेवला गेला, आणि वर मुलीलाच नालायक ठरवले गेले.

कायदा कोठे उभा आहे

सॉफ्टवेअरमध्ये काम करणारा हा कामगार आहे काय, असा प्रश्न आम्हांला नेहमी विचारला जातो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील व्याख्येत अंगमेहनतीच्या कामाबरोबर तांत्रिक काम हा शब्द स्पष्ट होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली; तिच्यातही तो आहे. गळ्यात ओळखपत्राची फीत आणि खोलीत थंड हवा असली म्हणजे माणूस मालक होत नाही. चेन्नईच्या कामगार न्यायालयाने २०२२ साली, २०१५ मध्ये काढलेल्या एका सॉफ्टवेअर अभियंत्याला कामगार मानून मागील पगारासह परत घेण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, पण सात वर्षे गेली.

मात्र मोठ्या आस्थापनेत माणसे कमी करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे जे बंधन आहे, ते कारखाने, खाणी आणि मळे ह्यांनाच लागू आहे. सॉफ्टवेअर कंपनी त्यात बसत नाही. आणि ज्याच्या हाती पत्र आहे पण जो रुजू झालेला नाही, त्याच्यासाठी कामगार कायद्यात जवळजवळ काहीच नाही.

शिकाऊंचीही हीच गत. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याप्रमाणे शिकाऊ हा शिकणारा आहे, कामगार नव्हे. शिकवण्यासाठी ही सवलत रास्त होती. परंतु चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात ‘नीम’ ह्या योजनेखाली हजारो पदविकाधारक मुले यंत्रांवर नेहमीचे उत्पादन काढीत होती आणि कागदोपत्री शिकत होती. ती योजना पुढे मागे घेतली गेली. सवय गेलेली नाही. महाराष्ट्र सरकारने २०२४ साली पदवीधरांना दरमहा १० हजार रुपये विद्यावेतनाची कार्यप्रशिक्षण योजना आणली. मुलांना आधार मिळाला हे खरे. पण मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न मुले विचारीतच राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी ह्या महाराष्ट्राला ‘कमवा आणि शिका’ हा मार्ग दाखवला. आज आपण मुलांना ‘शिका, आणि मग कमवण्याची वाट पाहा’ असे सांगत आहोत.

मग करावयाचे काय

पहिली गोष्ट पालकांसाठी. जूनमध्ये प्रवेश घेताना महाविद्यालयाच्या फलकावरील सर्वांत मोठे पॅकेज पाहू नका. शंभरांत एकाला मिळालेला पगार नव्याण्णवांना काही सांगत नाही. चार प्रश्न विचारा आणि लेखी उत्तर मागा : मागील वर्षी किती मुले पास झाली? त्यांतील किती प्रत्यक्ष रुजू झाली? ओळीने मांडले तर मधल्या मुलाचा पगार किती? आणि ह्या शाखेत पूर्णवेळ शिक्षक किती? हे आकडे तपासून जाहीर करणे सर्व महाविद्यालयांवर बंधनकारक व्हावे, अशी आमची मागणी आहे.

दुसरी गोष्ट सरकारसाठी. नेमणूकपत्रावर रुजू होण्याची तारीख असावी, आणि ती टळल्यास त्या दिवसापासून ठरावीक भत्ता मिळावा. असे झाले की कंपनी जपून पत्रे वाटील. शिकाऊ उमेदवारीला मुदत, ठरलेला अभ्यासक्रम आणि अखेर नोकरीत प्राधान्य असावे. नगरपालिका, रुग्णालये, सहकारी बँका, बाजार समित्या ह्यांचे संगणकाचे काम कंत्राटावर बाहेर जाते. तेथे पदे निर्माण करून ती भरावीत. वाट पाहण्याच्या काळात शैक्षणिक कर्जाचे व्याज थांबावे.

तिसरी गोष्ट मुलांसाठी. एकेकट्याने कंपनीला पाठवलेल्या विनंतीला उत्तर येत नाही. कर्नाटकात, तमिळनाडूत आणि आपल्या पुण्यातही ह्या क्षेत्रातील नोकरांच्या संघटना उभ्या राहिल्या आहेत. त्यांनी रुजू न झालेल्यांनाही सभासद करून घ्यावे. यंत्राबद्दल आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे : बँकांत संगणक येऊ लागला तेव्हा तेथील संघटनांनी १९८३ साली व्यवस्थापनाशी करार करून तो कोठे व किती यावा हे ठरवले. यंत्र अडवणे हा मुद्दा नव्हता; यंत्राने वाचवलेल्या श्रमांचा वाटा कोणाला मिळणार, हा होता. कृत्रिम बुद्धिमत्तेपुढेही प्रश्न तोच आहे, आणि तो विचारणारे कोणी टेबलाच्या ह्या बाजूला बसलेले असले पाहिजे.

शेवटची गोष्ट आपणा सर्वांसाठी. आपल्या आळीत, आपल्या वाड्यात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. दिवसा खाली उतरत नाही, लग्नकार्याला येत नाही, कारण भेटेल तो ‘लागलास का कुठे?’ असे विचारतो. गिरणी बंद पडली तेव्हा कामगाराला कोणी नालायक म्हटले नाही. गिरणी बंद पडली हे सर्वांना दिसत होते. ह्या मुलांची गिरणी उघडण्यापूर्वीच बंद झाली, म्हणून ती कोणाला दिसत नाही. ती दिसू लागली, तिचा हिशोब चारचौघांत मांडला गेला, तर मुलांच्या मनावरची शरम उतरेल आणि जे देणे ज्याचे आहे ते त्याच्याकडे मागता येईल.